अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांची घरची सेवा : पैसे हातात की नर्स दारात?

ओसरीवरचा

प्रस्तावना लांबवत नाही. माझं मत असं की घरातल्या परावलंबी ज्येष्ठाला जो सांभाळतो, त्याच्या खात्यात सरकारने दरमहा भत्ता जमा करावा. वृद्धाश्रमांच्या घोषणा पुरे झाल्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम लिहिलेला आहे. तो झाला तरी नळी लावलेल्या, कूस बदलावी लागणाऱ्या माणसाला तिथे कोण घेणार?

आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुण्यात चोवीस तासांची ब्युरोची (सेवेला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची) बाई महिन्याला पंचवीस-तीस हजारांच्या खाली मिळत नाही. डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं कवच आहे, पण ते रुग्णालयात दाखल झालं तर. डिस्चार्जचा कागद हातात पडला की पुढचं सगळं घरच्यांच्या खिशातून. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मानधन २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं, चांगलंच झालं. पण तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. आम्ही त्यात बसत नाही आणि ब्युरोही परवडत नाही. शेवटी घरातल्या एका माणसाने नोकरी सोडली.

भत्त्याचं खूळ माझं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात ज्यांना आधाराची गरज जास्त आहे त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्ता चक्क लिहिलेला आहे. त्याच कलमाच्या सुरुवातीला ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असेही शब्द आहेत आणि सरकारं त्या शब्दांच्या आडोशाला बसली आहेत.

तिखटजाळ

‘घरातल्या एका माणसाने नोकरी सोडली.’ हे माणूस बाई आहे ना?

ओसरीवरचा

बहीण आहे. खाजगी शाळेत शिकवत होती. म्हणूनच म्हणतोय, तिच्या कष्टाचं मोल कुणीतरी करावं.

तिखटजाळ

वाटलंच होतं. दादा, राग मानू नका, पण तुमच्या भत्त्याने तिच्या कष्टाचं मोल होणार नाही, तिच्या घरी बसण्यावर सरकारी शिक्का बसेल. महिन्याला तीन-चार हजार येतात म्हटल्यावर सुनेने, लेकीने, धाकट्या जावेने नोकरी सोडायचं कारण आयतंच मिळालं. आणि पैसे जातील कुणाच्या खात्यात? ज्याच्या नावावर घर आहे त्याच्या.

जपानमध्ये २००० साली सेवाविमा, म्हणजे परावलंबी ज्येष्ठांच्या काळजीचा सरकारी विमा, सुरू झाला तेव्हा नेमका हाच वाद झाला होता. घरच्यांना रोख द्यायची की सेवा? तिथल्या महिला संघटनांनी रोख रकमेला कडाडून विरोध केला, कारण ती रक्कम सुनेला घरात बांधून ठेवेल. त्यांचं ऐकलं गेलं. विमा रोख देत नाही, माणूस पाठवतो. आंघोळ घालणारा येतो, नर्स येते, दिवसभराच्या केंद्रात न्यायला गाडी येते. मला तेच हवंय.

ऱ्हाईनकाठी

जर्मनीत राहतो, सासूबाईंमुळे इथली पद्धत जवळून पाहिली, म्हणून लिहितो. इथे सेवाविमा १९९५ पासून आहे आणि कुटुंबाला निवड करता येते. मूल्यमापन करणारा घरी येतो, स्वतः उठता येतं का, कपडे घालता येतात का, भान किती आहे हे बघून एक ते पाच श्रेणी देतो. २०२५ मध्ये तिसऱ्या श्रेणीला घरच्यांनी सेवा केली तर महिन्याला ५९९ युरो रोख, आणि संस्थेकडून घेतली तर १,४९७ युरोपर्यंतची सेवा. थोडं हे, थोडं ते असंही चालतं. शिवाय आठवड्याला ठरावीक तास सेवा करणाऱ्या घरच्या माणसाची निवृत्तिवेतनाची वर्गणी विमाच भरतो. ओसरीवरच्यांनी भत्त्यापेक्षा ही वर्गणी मागावी असं मला वाटतं. बहिणीचं खरं नुकसान पुढे साठीत दिसणार आहे.

तिखटजाळ यांना एक भर: जपानमध्ये सेवा दारात येऊनही दरवर्षी लाखभर माणसं आईवडिलांसाठी नोकरी सोडतात. त्यामुळे रोख दिली नाही की बायका मोकळ्या, इतकं सरळ ते नाही. आणि इथलंही गुणगान नको. कितीतरी जर्मन घरांत पोलंड-रुमेनियाच्या बायका चोवीस तास राहतात आणि त्यांचे कामाचे तास कुणी मोजत नाही. हे सगळं पगाराच्या साधारण ३.६ टक्के वर्गणीवर चालतं, त्यातली निम्मी मालक भरतो. आपल्याकडे पगारपत्रक किती जणांना मिळतं?

रोखठोक_नाना

सगळं वाचलं आणि वाईट वाटलं. आईची सेवा करायचे पैसे मागायचे! आमच्या वेळी एका घरात दोन-दोन म्हातारी माणसं खाटेवर असत, कुणी तहसीलदाराकडे अर्ज केला नव्हता. कायदा आहे की. २००७ चा कायदा म्हणतो, मुलांनी सांभाळलं नाही तर प्राधिकरणाकडे जा, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळेल. टाकून दिलं तर तीन महिन्यांचा तुरुंग. तो नीट राबवा.

दुसरं, दिव्यांगत्वाचे बोगस दाखले. नोकरीच्या आरक्षणासाठी काय काय दाखले निघाले ते आपण वाचलंच आहे. उद्या भत्ता जाहीर करा, परवा निम्मा तालुका अंथरुणाला खिळलेला असेल.

तिखटजाळ

नाना, त्या दोन खाटांखालची भांडी कोण उचलत होतं हेही लिहा की.

बांधावरून

नाना, दाखल्याचं बोललात म्हणून सांगतो. आमच्या चुलत्याला मधुमेहानं पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पाय नाही हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. पण स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा, तारीख घ्या, मग जिल्ह्याला जाऊन डॉक्टरांपुढं हजर व्हा. ऐंशी किलोमीटर, जीप भाड्यानं, दोघं धरायला. पहिल्या खेपेला हाडांचे डॉक्टर रजेवर. बोगसवाल्यांचं काम एजंट करतो हो, नियमात मरतो तो खरा.

आता गंमत बघा. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत पंचाऐंशीच्या पुढच्यांना आणि चाळीस टक्क्यांवरच्या दिव्यांगांना १२-ड नमुना भरून घरी मत देता आलं. चुलत्याच्या ओट्यावर अख्खी टीम आली. अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला, पुठ्ठ्याचा आडोसासुद्धा. मत घ्यायला येता येतं तर दाखला द्यायला का येता येत नाही? ह्याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

ब्युरो वगैरे पुण्यामुंबईची भाषा. आमच्याकडं पैसे दिले तरी बाई मिळत नाही, कारण सगळ्या ऊसतोडीला नाहीतर सोयाबीनच्या काढणीला. ग्रामपंचायतीचा पाच टक्के दिव्यांग निधी असतो, त्याचे वर्षातून एकदा प्रत्येकी हजार-दोन हजार वाटतात, फोटो काढतात, संपलं. त्याच पैशात गावात दोन कमोड खुर्च्या आणि एक हवेची गादी घेऊन ठेवली तर आळीपाळीनं वापरता येईल. ग्रामसभेत बोललो तर म्हणले, जिवंत माणसाला दुसऱ्याची गादी कशाला.

निवृत्त_सिस्टर

ग्रामीण रुग्णालयात आयुष्य गेलं. मला पैशांचा वाद कळतो, पण आधी काय चुकतं ते सांगते.

झटक्याचा रुग्ण घरी पाठवताना नातेवाइकांना दहा मिनिटंसुद्धा शिकवलं जात नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाच आणि माकडहाड रोज बघायचं, लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात. भरवताना पाठ उभी हवी, झोपवून पाणी पाजलं की ते फुप्फुसात जातं आणि आठवड्यात न्यूमोनिया. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालीच टांगायची. लोक ती उशाशी ठेवतात, दिसायला नको म्हणून पांघरुणात घेतात. लुळा हात धरून ओढून उठवलं की खांदा निखळतो. हे मी शेकडो घरांत पाहिलंय, आणि त्या घरांत माया कमी नव्हती.

म्हणून रोख रकमेला माझा विरोध आहे. चार हजार रुपयांनी व्रण थांबत नाही. आठवड्याला एकदा नर्स आली तर थांबतो. केरळात पंचायतीच्या पैशातून नर्स घरोघरी जाते. मलप्पुरमच्या आसपास शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, स्वयंसेवकांनी हे उभं केलं आणि २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरणच केलं. तमिळनाडूत २०२१ पासून रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर फिजिओथेरपी आणि वेदनाशामक सेवाही घरपोच आहे. केरळ सांभाळणाऱ्याला भत्ताही देतं, पण महिना ६०० रुपये! त्यापेक्षा नर्सची फेरी मोलाची. आपल्याकडेही आशाताई घरोघरी जातातच, पण त्यांच्या डोक्यावर आधीच इतकी रजिस्टरं आहेत की आणखी हे काम टाकणार असाल तर वेगळं माणूस नेमा, वेगळा पगार द्या.

नाना, तुम्ही सांगता तो कायदा न सांभाळणाऱ्या मुलांसाठी आहे. जी मुलं सांभाळून सांभाळून मोडली आहेत, त्यांना तो काय देतो?

रोखठोक_नाना

सिस्टर, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. घरी नर्स यावी याला माझा विरोध नाही. मुलाला पगार द्यायला आहे.

चाकाची_खुर्ची

वय ६८. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबड्यांवर बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले. पन्नास वर्षं अंगाचा भार खांद्यांवर टाकला, आता खांदे गेले. पोलिओ झालेल्यांना उतारवयात स्नायूंची नव्याने कमजोरी येते, हे फारसं कुणी सांगत नाही. आता कुबड्याही सुटल्या.

इथे सगळे आमच्याबद्दल बोलताय. सांभाळणाऱ्याच्या खात्यात, सुनेच्या खात्यात, नर्सच्या पगारात. ज्याला सेवा लागते त्याच्या हातात पैसे द्यावे असं कुणाच्याच मनात आलं नाही का? माझं निवृत्तिवेतन माझ्या हातात आहे म्हणून कामाला कुणाला ठेवायचं, आंघोळ किती वाजता करायची हे मी ठरवते. माझी एक मैत्रीण, तीही पोलिओचीच, भावाकडे आहे. तिचं मानधन भाऊ काढून आणतो. तिची आंघोळ भावजयीच्या सवडीने, आठवड्यातून दोनदा. भावजय वाईट नाही, थकलेली आहे. पण मैत्रिणीला ‘आज हवी’ म्हणायची सोय नाही.

सिस्टर, तुमची नर्स आठवड्याला एकदा येईल. शौचाला रोज जावं लागतं.

ओसरीवरचा

ताई, तुमच्या बाबतीत शंभर टक्के मान्य. पण आमच्या आईला बोलता येत नाही, सही करता येत नाही. ज्यांना डिमेन्शिया आहे त्यांचं काय? (अवांतर: २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत पार्किन्सन नावानिशी आहे, डिमेन्शिया नाही. स्मृती आणि भान हे शब्द ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत आहेत म्हणून त्या खात्यात दाखला मागायचा, आणि ‘बाबांना वेडा ठरवताय का’ म्हणून घरात भांडण.) अशा वेळी सांभाळणाऱ्याचं खातं हाच रस्ता उरतो. जर्मनीसारखी निवड द्या. घरचे करत असतील तर रोख, नसतील तर सेवा.

चाकाची_खुर्ची

तुमच्या आईला बोलता येत नाही, पण मान हलवता येत असेल. विचारता का?

ओसरीवरचा

बहीण विचारते. हो-नाहीचे दोन कागद केलेत तिने.

मावशीचा_भाचा

गप्प बसणार होतो. माझी मावशी ब्युरोत काम करते, तुम्ही सगळे जिला ‘बाई’ म्हणताय ती. ते पंचवीस-तीस हजार तिच्या हातात पडत नाहीत, ब्युरो आपला वाटा कापून घेतं. चोवीस तासांचं काम म्हणजे चोवीस तास, आजोबा रात्री चार वेळा उठले तर चार वेळा. उचलून उचलून तिच्या कमरेचा मणका सरकलाय. महाराष्ट्रात घरेलू कामगारांचं मंडळ २००८ च्या कायद्याने आहे, तिथे नाव घालायला गेली तर त्यांनी विचारलं धुणंभांडी करता का, आणि ब्युरोत विचारलं तर म्हणाले तू नर्स थोडीच आहेस. भत्ता द्या, नर्स पाठवा, काहीही करा. तिच्या म्हातारपणी तिची कूस कोण बदलणार हे मात्र कुणाच्या हिशेबात दिसलं नाही.

तिखटजाळ

हेच. रोख दिली की ती अशाच मावशीकडे जाते, कमीत कमी दरात. सेवा सरकारने दिली तर निदान मावशीला पगारपत्रक मिळेल. ओसरीवरच्यांचा निवडीचा पर्याय कागदावर छान आहे, पण बांधावरून यांच्या तालुक्यात सेवाच नाही तिथे निवड कसली? तिथे सगळे रोख घेणार आणि सरकार म्हणणार, बघा, लोकांना नर्स नकोच होती.

ओसरीवरचा

आणि सेवा उभी राहीपर्यंत दहा वर्षं जातील, तोवर माझ्या बहिणीने काय करायचं? मला हे पटलेलं नाही. आधी भत्ता सुरू करा, नर्सची भरती बरोबरीने चालू द्या.

बांधावरून

सिस्टर, एक विचारायचं होतं. हवेची गादी घेतली तर कूस बदलायची गरज उरत नाही असं दुकानदार म्हणाला. खरं का?

निवृत्त_सिस्टर

नाही. गादीने दाब कमी होतो, थांबत नाही. कूस बदलायचीच, आणि टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या. चुलत्यांना मधुमेह आहे म्हणजे उरलेला पाय रोज रात्री बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. आंघोळीचं पाणी आधी तुमच्या कोपराने बघा, त्यांना चटका कळणार नाही.