शब्दचर्चा : ‘सर्व व्यत्यय हे अपवाद आहेत’ हे वाक्य कसं सोडवायचं?

निळीशाई
फर्मवेअरच्या (चिपमध्ये बसवलेल्या प्रोग्रामच्या) कामाला नव्याने लागलेल्या मुलांसाठी मराठीत एक टिपण लिहितेय. सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं की इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरचं चालू काम थांबवून लक्ष वेधणं) म्हणजे व्यत्यय आणि एक्सेप्शन (नेहमीचा क्रम सोडून प्रोसेसरला दुसरीकडे वळावं लागणं) म्हणजे अपवाद, आणि बरीच पानं त्यावर नीट निघालीसुद्धा. मग कॉर्टेक्स-एमचं, म्हणजे आर्मच्या छोट्या चिपांतल्या प्रोसेसरचं, प्रकरण आलं. तिथे इंटरप्ट हा एक्सेप्शनचाच एक प्रकार धरतात, एकाच टेबलात रीसेट १ नंबरला, एनएमआय (दाबता न येणारा इंटरप्ट) २, हार्डफॉल्ट (गंभीर चूक) ३, सिसटिक (टायमरचा ठरावीक ठोका) १५ आणि १६ पासून पुढे बाहेरच्या उपकरणांचे इंटरप्ट, आणि या सगळ्यांना मिळून नाव एक्सेप्शन. माझ्या मराठीत त्याचं झालं ‘सर्व व्यत्यय हे अपवाद आहेत’. तपासणाऱ्या सहकाऱ्याने खाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, अपवाद म्हणजे क्वचित घडणारं ना, इथे तर सिसटिक दर मिलिसेकंदाला येतोय, सेकंदाला हजार अपवाद कसे? त्याचं म्हणणं मला खोडता येईना. दोन्हीपैकी कुठला शब्द बदलू?

रजिस्टरवाला
दोन्ही. इंटरप्टला इंटरप्ट म्हणा आणि एक्सेप्शनला एक्सेप्शन. मी इतकी वर्षं बोर्ड ब्रिंग-अप (नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करणं) करतोय, शेजारी बसलेला मराठीच माणूस असतो आणि आमचं सगळं बोलणं मराठीतच चालतं, पण ‘युआर्टचा (सीरियल पोर्टचा) व्यत्यय आला’ असं आजवर कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. ‘युआर्टचा इंटरप्ट येत नाहीये, मास्क बघ’ असंच म्हणतात, मास्क म्हणजे इंटरप्ट दाबून ठेवणारा बिट. ज्या मुलांसाठी टिपण लिहिताय त्यांना उद्या डेटाशीटच (चिपची माहितीपुस्तिका) उघडायची आहे, मध्ये एक जादा शब्द घालून त्यांना कशाला अडवायचं?

कानामात्रा
शब्द बदलायची गरज नाही, सहकाऱ्याचा अर्थ चुकलाय. अपवाद म्हणजे क्वचित घडणारं, हा नंतर चिकटलेला अर्थ. संस्कृत व्याकरणात उत्सर्ग आणि अपवाद अशी जोडी आहे, उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम आणि अपवाद म्हणजे त्याला बाजूला सारून आपल्या जागी लागू होणारा विशेष नियम. तो किती वेळा लागू होतो याच्याशी अपवादपणाचा काही संबंध नाही. प्रोसेसरमध्ये नेमकं हेच होतं की! एकामागून एक इन्स्ट्रक्शन चालवत जाणं हा उत्सर्ग, आणि हँडलरकडे, म्हणजे त्या प्रसंगासाठी लिहिलेल्या कोडकडे, उडी मारायला लावणारं ते सगळं अपवाद. सेकंदाला हजार वेळा झालं तरी अपवादच.
आक्षेप घ्यायचा तर व्यत्ययवर घ्या. त्याचा मूळ अर्थ उलटापालट, अदलाबदल. पाणिनीचं ‘व्यत्ययो बहुलम्’ हे सूत्र वैदिक भाषेतल्या अशाच अदलाबदलीबद्दल आहे. अडथळा हा अर्थ आपण मराठीत रुळवला.

निळीशाई
कानामात्रा, उत्सर्ग-अपवाद ही जोडी फार आवडली, खरंच. पण टिपण वाचणाऱ्या मुलाला हे आधी समजावून सांगावं लागेल आणि मग प्रोसेसर. अपवाद वाचला की त्याच्या डोक्यात ‘अपवादात्मक परिस्थिती’च येणार.

जुनाहार्डवेअर
मला वेगळंच सांगायचंय. तुम्ही दोन शब्दांवर अडलात, ट्रॅप हा तिसरा शब्द आला की काय करणार? मी ८०८५ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवर शिकलो. त्यात पाच इंटरप्ट पिना, ट्रॅप, आरएसटी ७.५, ६.५, ५.५ आणि आयएनटीआर. त्यातला ट्रॅप म्हणजे बाहेरून येणारा, कुठल्याही सूचनेने दाबता न येणारा इंटरप्ट. आमच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं होतं की पुढे एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या संगणकांतल्या प्रोसेसरांवर, काम करायला लागल्यावर एका तरुण मुलाने ‘ट्रॅप म्हणजे सॉफ्टवेअरचा असतो, इन्स्ट्रक्शनमुळे होतो’ असं म्हटल्यावर मी भर मीटिंगमध्ये त्याला चूक ठरवलं. बरोबर तोच होता. म्हणजे त्याच्या चिपपुरता बरोबर आणि मी माझ्या चिपपुरता. त्याला सापळा म्हणा नाहीतर ट्रॅप म्हणा, शब्दाचा अर्थ चिप ठरवते.

अर्धविराम
जुनाहार्डवेअर यांना अनुमोदन आणि थोडी भर. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेवाल्यांनी तर तिन्ही शब्द नव्याने आखून घेतलेत. चालू इन्स्ट्रक्शनमुळे उद्भवलं ते एक्सेप्शन, बाहेरून केव्हाही आलं तो इंटरप्ट, आणि या दोहोंपैकी कशामुळेही हँडलरकडे ताबा जातो ती क्रिया म्हणजे ट्रॅप. ट्रॅपचं कारण नोंदवणाऱ्या एमकॉज रजिस्टरचा सगळ्यात वरचा बिट १ असेल तर इंटरप्ट, ० असेल तर एक्सेप्शन. म्हणजे तिथे ‘सर्व व्यत्यय हे अपवाद आहेत’ हे सरळ चूक वाक्य आणि आर्मवर बरोबर वाक्य. त्यामुळे मराठी शब्द कुठलाही घ्या, त्या शेजारी ‘या चिपमध्ये’ हे दोन शब्द पाहिजेतच.
आता माझा खरा मुद्दा. मराठीत घात नामांनी होत नाही, ‘पुढे’ने होतो. आमच्याकडे एका टिपणात लिहिलं होतं ‘हँडलर संपला की प्रोग्राम जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो’. वाचायला किती सरळ. एका मुलीने त्यावर विसंबून रिस्क-फाइव्हवर ईकॉलचा (मुद्दाम ट्रॅप घडवणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा) हँडलर लिहिला, रजिस्टरं नीट वाचवली, नीट परत भरली, शेवटी एमरेट, म्हणजे परतीची इन्स्ट्रक्शन. बोर्ड जिवंत, पण प्रोग्राम हलेना. डीबगर लावून थांबवला की दर वेळी हँडलरमध्येच. कारण ईकॉल झाल्यावर एमईपीसी या परतीच्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये पत्ता खुद्द ईकॉलचाच असतो, त्याच्या पुढचा नाही, त्यात आपण ४ मिळवायचे असतात. न मिळवल्यामुळे ती परत त्याच ईकॉलवर, परत हँडलर, परत ईकॉल. दीड दिवस गेला तिचा. आर्मवर एसव्हीसी (ईकॉलसारखीच इन्स्ट्रक्शन) केलं तर परतीचा पत्ता आपोआप पुढच्या इन्स्ट्रक्शनचा मिळतो, आणि टिपण लिहिणारा आर्मवरचा होता. ‘तिथूनच’ आणि ‘तिथून पुढे’ यात एवढा फरक.

रजिस्टरवाला
हे सोन्यासारखं उदाहरण आहे. आणि तिथे दोष शुद्ध शब्दाचाही नव्हता आणि इंग्रजी शब्दाचाही नव्हता.

माजघर
मी प्रोग्रामिंगवाली नाही, पण वाचता वाचता एक सुचलं. बाहेरून कुणीतरी बोलावतं आणि तुम्ही हातातलं काम ठेवून उठता, त्याला मराठीत व्यत्यय कशाला म्हणायचं, ती हाक आहे. आणि चालता चालता स्वतःच्याच पावलाला अडखळता ती ठेच. एक बाहेरून, एक आपल्या पावलाशी. इंटरप्ट म्हणजे हाक आणि एक्सेप्शन म्हणजे ठेच असं चालेल का?

अर्धविराम
माजघर, हे तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा खूप लांबपर्यंत चालतं. एक्स८६ मध्ये फॉल्ट, ट्रॅप, अबॉर्ट असे तीन प्रकार आहेत आणि पेज फॉल्ट, म्हणजे नंबर १४, ही शुद्ध ठेच. हँडलर येतो, वाटेतला दगड काढतो, म्हणजे हवं ते पान मेमरीत आणून ठेवतो, आणि प्रोसेसर तेच पाऊल पुन्हा टाकतो. परतीचा पत्ता अडखळलेल्या इन्स्ट्रक्शनचाच असतो तो याचसाठी. ठेचेच्या हँडलरकडे जाता जाताच परत ठेच लागली की डबल फॉल्ट, नंबर ८, आणि त्याच्याही हँडलरला जाता आलं नाही तर ट्रिपल फॉल्ट, मग प्रोसेसर बंद पडतो आणि बहुधा संगणक थेट रीसेट.
आणि हाकेला ‘ओ देणं’ आहे! इंटरप्ट अॅक्नॉलेज करणं म्हणजे तेच. लेव्हल प्रकारचा इंटरप्ट असेल तर उपकरण ओ मिळेपर्यंत हाका मारतच राहतं, नवशिका हँडलरमध्ये फ्लॅग क्लिअर करायला विसरतो आणि बाहेर पडल्या पडल्या परत आत येतो, मेन लूपला वेळच मिळत नाही. ‘ओ दिली नाहीस म्हणून हाका थांबत नाहीयेत’ एवढं सांगितलं की मुलाला कळतं.

निळीशाई
माजघर ताई, हाक मी उचलतेय. मास्क केलेल्या इंटरप्टबद्दलचा परिच्छेद माझा फार अडला होता, आता असा लिहिला: ‘मास्क असताना हाक वाया जात नाही, तिची नोंद पेंडिंग बिटात राहते. पण तेवढ्यात त्याच उपकरणाने तीनदा हाक मारली तरी नोंद एकच, कारण बिट एकच.’ जमलंय?

कानामात्रा
परिच्छेद छान. तरी हाक आणि ठेच हे उपमेचे शब्द आहेत, परिभाषेचे नाहीत. परिभाषेतल्या शब्दाला पुढे प्रत्यय लागले पाहिजेत. व्यत्ययवरून व्यत्ययी, व्यत्ययसारणी, व्यत्ययक्षम करता येतं. हाकेवरून काय करणार, हाकसारणी?

माजघर
हाकांची यादी. दोन शब्द झाले तर काय बिघडलं?

जुनाहार्डवेअर
ब्रेकपॉइंटला ठेच म्हणवत नाही मात्र. एक्स८६ चा इंट ३, एका बाइटची इन्स्ट्रक्शन, ती डीबगर स्वतः तिथे पेरून ठेवतो. वाटेत आपणच मुद्दाम ठेवलेला दगड. आणि त्यात परतीचा पत्ता पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो, कारण तो ट्रॅप वर्गातला. म्हणजे प्रत्येक ठेचेनंतर तेच पाऊल परत असं सरसकट लिहू नका, नाहीतर तो ‘पुढे’वाला घोळ उलट बाजूने होईल.

रजिस्टरवाला
शब्दांचं राहू द्या, क्रियापदांचं बघा. नाम इंग्रजी असलं तरी क्रियापद आपलंच असतं आणि कसलेला माणूस त्यावरून ओळखू येतो. इंटरप्ट ‘येतो’. फॉल्ट ‘बसतो’. हार्डफॉल्टला कोड ‘जातो’. ‘हार्डफॉल्ट आला’ असं म्हणणारा बहुधा नवा असतो, जुना माणूस ‘हार्डफॉल्टला गेला’ म्हणतो आणि लगेच विचारतो, स्टॅकवरचा पीसी (इन्स्ट्रक्शनचा पत्ता) काय म्हणतोय? कारण कॉर्टेक्स-एमवर आत जाताना हार्डवेअरनेच चार-चार बाइटचे आठ वर्ड स्टॅकवर ठेवलेले असतात, आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर, एकूण ३२ बाइट, त्यात सुरुवातीपासून २४ बाइट सोडले की पीसी. तो पत्ता मॅप फाइलमध्ये (कुठलं फंक्शन कुठल्या पत्त्यावर त्याच्या यादीत) शोधायचा की कुठल्या फंक्शनमध्ये घात झाला ते निम्मं तरी कळतं. टिपणात हे क्रियापदांसकट जाऊ द्या.

अर्धविराम
आमच्याकडे फॉल्ट ‘मारतो’ म्हणतात. ‘नल पॉइंटरने फॉल्ट मारला.’ आणि एक्सेप्शन नपुंसकलिंगी, ‘एक्सेप्शन आलं’.

रजिस्टरवाला
आमच्यात ‘एक्सेप्शन आला’. पुल्लिंगी.

कानामात्रा
नपुंसकलिंगीच. स्टेशन आलं, ऑपरेशन झालं, तसं एक्सेप्शन आलं.

रजिस्टरवाला
मग पेन्शन? ती आली ना? शेवट सारखा असला म्हणून लिंग सारखं असं नसतं. आमच्या टीममध्ये सगळे ‘आला’च म्हणतात, बहुतेक इंटरप्टच्या जोडीने बोललं जातं म्हणून.

निळीशाई
मूळ वाक्य तसंच राहिलंय हं. तात्पुरतं असं केलंय: ‘या चिपमध्ये बाहेरून आलेली हाक असो की चालू इन्स्ट्रक्शनला लागलेली ठेच, दोन्हींना एक्सेप्शन म्हणतात आणि दोन्हींच्या हँडलरचे पत्ते एकाच टेबलात असतात.’ अपवाद काढला, कानामात्रा रागावू नका. आणि ‘तिथून पुढे’ शोधून काढलं, अकरा ठिकाणी होतं, प्रत्येक ठिकाणी परतीचा पत्ता नेमका कुठल्या इन्स्ट्रक्शनचा ते लिहितेय.

कानामात्रा
रागावलो नाही, पण पटलंही नाही. उत्सर्ग-अपवाद एका तळटीपेत तरी द्या.

माजघर
एक विचारायचं राहिलं. अर्धविराम यांनी ‘ओ दिली’ लिहिलंय. आमच्याकडे ‘ओ दिला’ म्हणतात.

अर्धविराम
ओ दिली. हाकेला ओ दिली. ‘दिला’ मी आज पहिल्यांदा वाचतोय.

जुनाहार्डवेअर
माझ्या आईच्या तोंडी ‘दिला’च होतं.