आलेख गुळगुळीत करावा की गणित सुधारावे?

चुंबकरेषा

मोटरच्या ट्रान्झियंट (क्षणाक्षणाचे बदल मोजणाऱ्या) संगणकीय सिम्युलेशनमधून येणारा टॉर्कचा (फिरवणाऱ्या बलाचा) आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसला की अहवालात टाकण्यापूर्वी त्यावर मूव्हिंग अ‍ॅव्हरेज (शेजारच्या काही बिंदूंची सरासरी) किंवा लो-पास फिल्टर (जलद चढउतार गाळणारी गणिती चाळणी) फिरवायचा, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी विचारतही नाही. माझे मत असे की गुळगुळीतपणा मेश (मोटरचे लहान घटकांत पाडलेले जाळे), टाइम स्टेप (गणनेची वेळेतली एक पायरी) आणि सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्राम) यांच्यातूनच आला पाहिजे. तो नंतर चढवला, तर अचूकतेचा पुरावा म्हणून त्याला काहीही किंमत उरत नाही.

१२ खाचा आणि १० ध्रुव असलेली कायमचुंबकी मोटर घ्या. दोन्ही संख्यांचा लसावि ६०, म्हणून कॉगिंग टॉर्क (प्रवाह नसतानाही चुंबक आणि स्टेटरचे दात यांच्या ओढीने येणारा अडखळता टॉर्क) दर ६ अंशांनी पुन्हा तसाच येतो. हवेच्या फटीत ज्या वर्तुळावर रोटरचा (फिरणाऱ्या भागाचा) मेश स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) मेशवर सरकतो, त्याचे ७२० भाग केले तर एक भाग अर्ध्या अंशाचा होतो. आता टाइम स्टेप अशी निवडली की रोटर दर पायरीला ०.४ अंश फिरतो. पहिल्या पायरीला रोटरचे नोड (मेशचे बिंदू) स्टेटरच्या मागच्या नोडापासून ०.४ अंश पुढे असतात, दुसऱ्या पायरीला ०.३, मग ०.२, मग ०.१, आणि पाचव्या पायरीला ते पुन्हा तंतोतंत जुळतात. नोड न जुळल्यामुळे येणारी चूक अशी दर २ अंशांनी फिरून येते आणि कॉगिंगच्या ६ अंशांत तिच्या बरोबर ३ लाटा बसतात. पाहणाऱ्याला ते कॉगिंगचे तिसरे हार्मोनिक (तिप्पट वारंवारितेची लाट) वाटते. साधा लो-पास फिल्टर तिला हात लावणार नाही, कारण ती खऱ्या लाटांच्या शेजारीच बसलेली आहे. पायरी अर्ध्या अंशाची घेतली, तर नोड प्रत्येक वेळी जुळतात आणि ही लाट उगवतच नाही.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. आलेख खडबडीत दिसला की आपण आधी टाइम स्टेप बारीक करतो. परंतु प्रेरित व्होल्टेज म्हणजे फ्लक्स लिंकेजमधला (वेटोळ्यांतून जाणाऱ्या एकूण चुंबकीय फ्लक्समधला) फरक भागिले टाइम स्टेप. न्यूटन-रॅफसनच्या (टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ नेणाऱ्या पद्धतीच्या) फेऱ्या जिथे थांबतात तिथे फ्लक्समध्ये ०.००००१ वेबरची चूक उरत असेल, तर १०० मायक्रोसेकंदांच्या पायरीला ती ०.१ व्होल्ट दिसते, १० मायक्रोसेकंदांना १ व्होल्ट आणि १ मायक्रोसेकंदाला १० व्होल्ट. पायरीबरोबर टॉलरन्सही (कितपत चूक उरल्यावर फेऱ्या थांबवायच्या ती मर्यादा) कडक केला नाही, तर जास्त वेळ खर्चून आपण जास्त खडबडीत आलेख मिळवतो.

चाचणीकक्ष

मुद्दा समजला, पण पटला नाही. मी मोटरच्या चाचण्या घेतो. टॉर्क सेन्सर, कपलिंग आणि शाफ्ट यांची लवचिकता व जडत्व यांमुळे मोजलेला आलेख आमच्या हाती येईपर्यंत गाळलेलाच असतो, आणि नोंद घेणाऱ्या उपकरणाचा फिल्टर त्याहून वेगळा. अशा आलेखाशेजारी सिम्युलेशनचा कच्चा आलेख ठेवणे हीच चुकीची तुलना आहे. दोन्हींवर एकच फिल्टर लावावा आणि तो कोणता ते लिहावे, यात लपवाछपवी कुठे आली?

शिवाय सुरुवातीला एका आराखड्याचे ४० पर्याय तपासायचे असतात आणि तेव्हा फक्त सरासरी टॉर्क हवा असतो. विद्युत प्रवाहाच्या पूर्ण आवर्तनावर सरासरी काढली की ही दातेरी चूक बहुतांशी कापली जाते. शेवटच्या दोन पर्यायांसाठी आपली काटेकोर पद्धत मी आनंदाने वापरीन. पहिल्या चाळिसांसाठी तेवढे संगणकीय तास खर्च करणे मला योग्य वाटत नाही.

मेशकरी

धागाकर्त्याशी सहमत. एक भर घालतो. पहिल्या श्रेणीच्या त्रिकोणी घटकात चुंबकीय क्षेत्र स्थिर धरलेले असते, त्यामुळे फटीतल्या एकाच वर्तुळावर मॅक्सवेल ताणाचे (क्षेत्रावरून बल काढणाऱ्या राशीचे) संकलन केले की उत्तर त्या वर्तुळाच्या जागेनुसार बदलते. संशोधक आर्कियो यांनी १९८७ मध्ये वापरलेल्या पद्धतीप्रमाणे फटीच्या संपूर्ण जाडीवर संकलन केले आणि फटीत घटकांचे किमान तीन थर ठेवले, तर पुष्कळ खडबड तिथेच जिरते. तांब्यात ५० हर्ट्झला त्वचा-खोली (पृष्ठभागापासून जितक्या खोलीपर्यंत प्रवाह मुख्यतः वाहतो ती) सुमारे ९.३ मिलिमीटर असते, पण इन्व्हर्टरच्या (मोटरला वीज पुरवणाऱ्या स्विचिंग मंडलाच्या) २० किलोहर्ट्झला ती अर्धा मिलिमीटरही भरत नाही. तिथे जाड मेश ठेवून नंतर फिल्टर लावण्याने काहीच साधत नाही.

जुना गणिती

धागाकर्त्यांनी फिल्टर नाकारला आहे, पण बहुधा एक फिल्टर त्यांच्या सॉल्व्हरमध्ये आधीच बसलेला आहे. त्याचे नाव बॅकवर्ड ऑयलर, म्हणजे काळात पायरी-पायरीने पुढे जाण्याची एक गणिती पद्धत. रोध शून्य असलेले, आपल्या नैसर्गिक वारंवारितेने झुलणारे एलसी (इंडक्टर आणि कपॅसिटर यांचे) मंडल घ्या आणि एका आवर्तनाला २० पायऱ्या द्या. एकाच आवर्तनात आयाम (दोलनाची उंची) ३९ टक्क्यांवर येतो. १०० पायऱ्या दिल्या तरी सुमारे १८ टक्के आयाम हरवतो. आलेख मात्र सुंदर, गुळगुळीत दिसतो, आणि कोणी फिल्टर लावल्याची नोंद कुठेही नसते.

ट्रॅपेझॉइडल पद्धत (पायरीच्या दोन्ही टोकांची सरासरी घेणारी) आयाम राखते. वीज अभियंते डोमेल यांनी १९६९ मध्ये वीजजाळ्यातील ट्रान्झियंटसाठी मांडलेली गणनाही तिच्यावरच उभी आहे. तिचा दोष असा की स्विच उघडून प्रवाह तुटला की इंडक्टरवरचे व्होल्टेज एका पायरीला वर आणि पुढच्या पायरीला खाली असे झुलत राहते. यावर दोन उपाय आहेत: बदलाच्या क्षणी अर्ध्या लांबीच्या दोन बॅकवर्ड ऑयलर पायऱ्या घेणे, किंवा लागोपाठच्या दोन मूल्यांची सरासरी घेणे. दुसरा उपाय फिल्टरच आहे आणि तो पूर्णपणे योग्य आहे, कारण चूक कुठून येते हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून ‘फिल्टर नकोच’ ही भूमिका मला टोकाची वाटते.

चुंबकरेषा

जुना गणिती यांचा आक्षेप मान्य. ३९ टक्क्यांचा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि तो बरोबर आहे. उगम माहीत असलेल्या दोलनावर दोन मूल्यांची सरासरी घेण्यास माझी हरकत राहिलेली नाही, मात्र पहिली पसंती अर्ध्या पायऱ्यांनाच.

चाचणीकक्ष यांना एक अनुभव सांगते. आमच्याकडे एका आराखड्यात ही २ अंशांची लाट दिसली आणि ती खरी मानून स्टेटरच्या दातांवर खोबणी कोरायचे ठरले. त्यात तीन आठवडे गेले. नमुना मोटर तयार झाल्यावर चाचणीत ती लाट सापडलीच नाही. मेश आणि पायरी जुळवून जुना आराखडा पुन्हा चालवला, तेव्हा तिथेही ती नव्हती. त्याआधी एकाने सुचवले होते की १५ बिंदूंची मूव्हिंग अ‍ॅव्हरेज लावा, सगळे स्वच्छ होईल. १५ गुणिले ०.४ म्हणजे नेमके ६ अंश, कॉगिंगचे एक पूर्ण आवर्तन. लाट गेली असती हे खरे, पण तिच्याबरोबर कॉगिंगही पुसले गेले असते.

चाचणीकक्ष

हे उदाहरण मला आधी मिळायला हवे होते. फिल्टरची लांबी अंशांत लिहावी आणि कच्चा आलेख शेजारी छापावा, एवढे मी आजपासून पाळीन. ४० पर्यायांबाबत माझे मत बदललेले नाही. पायरी आणि मेश जुळवण्यासाठी मात्र जादा तास लागत नाहीत; त्या चाळिसांतही फटीचे भाग मी टाइम स्टेप पाहूनच ठरवीन.