मदत हवी आहे: 'सासऱ्या' अर्धाच सापडतो, आणि तक्रार केली की लगेच बंद करतात

जात्याजवळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी संगणकवाली नाही. शाळेत मराठी शिकवत होते, आता घरीच असते. चुकीच्या विभागात धागा काढला असेल तर संपादकांनी हलवावा.

मावशीने आयुष्यभर जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या नऊ वह्या माझ्याकडे आल्या. पाच भाच्याने टंकल्या, चार मी. एकूण २३०० च्या वर ओव्या. सगळं एका मुक्तस्रोत टिपणवहीत ठेवलंय. प्रोग्रॅमचं नाव लिहीत नाही, फुकट वापरायचं आणि वर चव्हाट्यावर आणायचं बरं वाटत नाही.

अडचण अशी. भाच्याच्या संगणकावरून 'सासऱ्या' शोधलं की १९ ओव्या येतात आणि त्या सगळ्या भाच्याच्या वह्यांतल्या. माझ्या चार वह्यांतून एकही नाही. सहाव्या वहीचं एक पान उघडून बघितलं, तर डोळ्यांसमोर तीन ठिकाणी 'सासऱ्या' आहे! 'नवऱ्या', 'वाऱ्या', 'दुसऱ्या' यांचंही तेच. 'सासू' मात्र नऊच्या नऊ वह्यांत बरोबर सापडते. (सासू कुठेही सापडतेच, हा विनोद भाच्याने करून झालाय.)

गिटहबवर (जिथे प्रोग्रॅमचा कोड ठेवतात ते संकेतस्थळ) त्यांच्या इश्यूंमध्ये, म्हणजे तक्रारींच्या यादीत, लिहिलं. इंग्रजीत मथळा दिला: मराठी शोध नीट चालत नाही, कृपया तातडीने दुरुस्त करा. दोन दिवसांनी एकाने लिहिलं, 'वर्क्स फॉर मी', आणि बंद. मी परत नवीन इश्यू काढला, तो 'डुप्लिकेट' म्हणून बंद. मग हिंदीबद्दलचा एक जुना उघडा इश्यू दिसला, त्याखाली लिहिलं. साठ दिवसांनी बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) आला, 'स्टेल' म्हणजे शिळा असा शिक्का मारला आणि थोड्या दिवसांनी तोही बंद.

माझं कुठे चुकलं? हा बग (प्रोग्रॅममधला दोष) आहे की मी नवीन सोय मागतेय? आणि पैसे देऊ केले तर कोणी लक्ष घालेल का?

---

कोकणकडा

ताई, आधी दोन घोट पाणी प्या. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या लाँचपॅडवर, म्हणजे बग नोंदवायच्या जागी, बग क्रमांक १ मार्क शटलवर्थ यांनी स्वतः नोंदवला होता: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वाधिक आहे. नोंदवला २००४ मध्ये, बंद झाला २०१३ मध्ये. तुमचे साठ दिवस म्हणजे काहीच नाही.

आता गंभीरपणे. 'वर्क्स फॉर मी' हा अपमान नाही, ती एक ठरलेली अवस्था आहे. लिबरऑफिसच्या बगझिलात (बगांच्या नोंदवहीत) नवी नोंद 'अनकन्फर्म्ड' म्हणून पडते. दुसऱ्या कोणाला तोच दोष स्वतःच्या यंत्रावर दिसला की ती 'न्यू' होते. म्हणजे 'न्यू' याचा अर्थ नवीन नव्हे, खरा निघालेला. माहिती कमी असेल तर 'नीडइन्फो'. आणि कोणाला दिसलाच नाही तर 'वर्क्स फॉर मी'. तुमच्या त्या माणसाने मराठीत काहीतरी टंकून शोधलं असेल, ते सापडलं असेल. त्याच्या बाजूने तो खरंच बोलतोय.

---

हलन्त

कोकणकडा बरोबर. मला एक संशय आहे. एक काम करा. भाच्याच्या वहीतला एक 'सासऱ्या' आणि तुमच्या वहीतला एक, दोन्ही जसेच्या तसे कॉपी करून इथे चिकटवा. पुन्हा टंकू नका, चिकटवाच.

---

जात्याजवळ

भाच्याचा: सासऱ्या

माझा: सासर्‍या

मला तर काडीचा फरक दिसत नाही.

---

हलन्त

दिसणारच नाही. पण मी मोजले. भाच्याचा शब्द सात अक्षरचिन्हांचा आहे आणि तुमचा आठ. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत एक २१ बाइटचा, दुसरा २४. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत.

भाचा इनस्क्रिप्ट कळफलक वापरत असणार. तिथे शिफ्ट दाबून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य. त्याचा क्रम होतो ऱ (युनिकोडमधला क्रमांक यू+०९३१), हलन्त (यू+०९४डी), य. तुम्ही रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारं काहीतरी वापरत असाल. त्याने साधा र (यू+०९३०), हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, शून्य रुंदीचा जॉइनर (यू+२००डी) घातलंय, मग य. पडद्यावर दोन्हींना तोच चंद्रकोरीसारखा र येतो.

दोन्ही पद्धती युनिकोडला मान्य आहेत. ऱ वाली मुख्य, आणि जॉइनरवाली जुन्या २.० आवृत्तीतला मजकूर मोडू नये म्हणून ठेवलेली. म्हणून तुम्ही चूक टंकलं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आणखी एक मेख: मजकूर एकसारखा करायची युनिकोडची जी नेहमीची रीत आहे, एनएफसी, ती चालवली तरी हे दोन एक होत नाहीत. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ती रीत आधीच असेल आणि तरीही शोध फसत असेल.

---

जात्याजवळ

अगदी बरोबर! भाचा इनस्क्रिप्टवाला, सरकारी परीक्षेसाठी शिकला होता. मी रोमनमधून लिहिते. म्हणजे एका घरात दोन सासरे.

---

बोरीबंदर

मग यात एवढी चर्चा कशाला? सगळ्या फाइली बाहेर काढा, फाइंड-रिप्लेस करा, र + हलन्त + जॉइनर च्या जागी ऱ + हलन्त टाका. पाच मिनिटांचं काम. इश्यूच्या नादाला लागू नका.

---

हलन्त

करा, पण आधी वह्यांची प्रत वेगळी ठेवून. आणि इश्यू सोडू नका. ताईंनी घरातलं दुरुस्त केलं तरी उद्या जालावरून कोणाचा मजकूर उचलून त्यात घातला की पुन्हा तेच. जुन्या मराठी संकेतस्थळांवर जॉइनरवाला र पोत्यांनी पडलाय.

---

रात्रपाळी

मी दुसऱ्या टोकाचा माणूस. एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी सांभाळतो. नोकरी दिवसा, हे रात्री साडेदहानंतर, पोरगं झोपल्यावर. तिकडून कसं दिसतं ते सांगतो, रागावू नका.

रात्री उघडतो तेव्हा समोर अकरा नवे इश्यू. एकाचा मथळा 'अर्जंट', आत एकच ओळ, चालत नाही. कुठली आवृत्ती, कुठली सिस्टिम, काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, काहीच नाही. 'तातडीने' हा शब्द वाचला की माझं बोट आपोआप पुढच्या इश्यूवर जातं. खोटं कशाला बोलू. पगार नाही, आणि तातडी कोणाची तर अनोळखी माणसाची.

ताईंच्या पहिल्या इश्यूत मला काय दिसलं असतं? 'मराठी शोध चालत नाही.' मी मराठी आहे म्हणून निदान खुर्ची पुढे ओढली असती. पोलंडमधल्या किंवा ब्राझीलमधल्या माणसाला ती अक्षरं म्हणजे नक्षी. तो काय तपासणार? म्हणून माझा एकच सल्ला: ज्याला देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नाही, त्यालाही दोष दिसेल असं लिहा. 'सासऱ्या' म्हणजे कोण हे त्याला कळायची गरजच नाही. दोन ओळींची फाइल जोडा. एका ओळीत सात चिन्हांचा शब्द, दुसरीत आठ चिन्हांचा. प्रत्येकाखाली कोड लिहा. 'पहिला शोधला तर एक ओळ सापडते, दोन सापडायला हव्यात.' बस. हे तो नक्षी बघूनही करून पाहू शकतो.

दुसरं, '+१' (म्हणजे 'मलाही हेच हवं') लिहू नका, मंडळींनाही लिहायला लावू नका. २०१६ च्या सुरुवातीला बऱ्याच मोठ्या प्रकल्पांच्या सांभाळकर्त्यांनी गिटहबला एक खुलं पत्र लिहिलं होतं, त्यातलं एक गाऱ्हाणं हेच होतं. प्रत्येक '+१' ला शेकडो लोकांना मेल जायची. त्याच वर्षी गिटहबने अंगठ्याची सोय दिली. पहिल्या पोस्टवर अंगठा द्या. अंगठ्यांच्या संख्येवरून इश्यू लावून बघता येतात.

पैशांचं: थेट 'पैसे देते, करा' असं लिहू नका, विचित्र वाटतं. प्रकल्पाला देणगीची सोय असेल तर तिथे शांतपणे द्या, इश्यूशी जोडू नका.

---

चिकूवाली

रात्रपाळी, खरं लिहिलंत. पण बॉटबद्दल मी ताईंच्या बाजूने. माणसाने वाचून 'आम्ही हे करणार नाही' म्हणणं वेगळं आणि कोणी बघितलंच नाही म्हणून साठ दिवसांनी यंत्राने बंद करणं वेगळं. दोष तिथेच आहे, फक्त यादी स्वच्छ दिसते. मी डेबियन या लिनक्स प्रणालीवर बग नोंदवते, तिथे सगळं ईमेलवर चालतं, आणि बरीच वर्षं उघडे पडलेले बग तिथे कोणाला खुपत नाहीत.

---

रात्रपाळी

मान्य. मी माझ्याकडे बॉट लावला नाहीये. पण चारशे उघडे इश्यू बघून रविवारी लॅपटॉप उघडावासा वाटत नाही, हेही खरं.

---

जात्याजवळ

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न उरले. बग म्हणू की सोय? आणि जुना उघडायला सांगू की नवा काढू?

---

हलन्त

नवा काढा, पहिल्याचा दुवा द्या, आणि स्पष्ट लिहा की आधीच्या नोंदीत कारण माहीत नव्हतं, आता सापडलंय. बंद झालेल्या इश्यूत लिहिलेलं कोणी बघेलच असं नाही. शिवाय आता तुमच्याकडे खरंच नवी गोष्ट आहे, म्हणून याला डुप्लिकेट म्हणणं कठीण.

बग की सोय, यावर भांडू नका. प्रत्येक ठिकाणी वाटणी वेगळी. डेबियनमध्ये सोयीची मागणी ही बगच, फक्त तीव्रता 'विशलिस्ट'. बऱ्याच बगझिलांत 'एन्हान्समेंट' (सुधारणा). तुमच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलता येतं. प्रोग्रॅम चिन्हं तंतोतंत जुळवतोय, तो त्याचं काम करतोय. वाचणाऱ्याला मात्र एकच शब्द दोन वेळा दिसतोय. लेबल त्यांना लावू द्या.

पण एक सापळा आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुरुस्ती होईल आणि नवा बग जन्माला येईल. कोणीतरी उत्साही माणूस म्हणेल, सोपं आहे, शोधताना जॉइनर गाळून टाकू. गाळला की तुमचा सासर्‍या होईल 'सासर्या', तो भाच्याच्या सासऱ्याशी तरीही जुळणार नाही. वर जॉइनरवाल्या 'दर्‍या' आणि 'दर्या' एक होतील, डोंगरातल्या दऱ्या शोधताना समुद्र हाती येईल. आचाऱ्यांना बोलावलं तर आचार्य येऊन बसतील. म्हणून गाळायचं नाही, बदलायचं: र, हलन्त, जॉइनर ही तिकडी दिसली की ऱ, हलन्त समजायचं, शोधाच्या शब्दातही आणि मजकुरातही. हे उदाहरणासकट लिहा: कुठल्या जोड्या जुळायला हव्यात आणि कुठल्या जुळता कामा नयेत. दुसरी यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची.

---

कोकणकडा

आचाऱ्यांचं उदाहरण ठेवाच. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

जात्याजवळ

मसुदा केलाय, इंग्रजी भाच्याकडून तपासून घेईन. मराठीत असा:

मथळा: ऱ् दोन पद्धतींनी लिहिला असल्यास शोधात एकच पद्धत सापडते (०९३१ ०९४डी आणि ०९३० ०९४डी २००डी).

आवृत्ती, सिस्टिम. सोबत दोन ओळींची फाइल. पायऱ्या: फाइल उघडा, पहिल्या ओळीतला शब्द कॉपी करा, शोधखिडकीत चिकटवा. दिसतं ते: एक ओळ. अपेक्षित: दोन्ही. दोन्ही लिखाणं युनिकोडला मान्य आहेत. जुळायला हव्यात अशा सहा जोड्या, जुळू नयेत अशा तीन. पहिल्या नोंदीचा दुवा.

'तातडीने' काढून टाकलं.

---

रात्रपाळी

हा इश्यू माझ्याकडे आला असता तर त्याच रात्री उघडून बघितला असता. एक छोटी भर: मथळ्यात 'मराठी' राहू द्या. नुसते कोड असले तर नंतर शोधणाऱ्या मराठी माणसाला तुमचा इश्यू सापडणार नाही.

---

जात्याजवळ (नऊ दिवसांनंतर)

ताजी खबर. टाकला. चौथ्या दिवशी एका बाईंनी लिहिलं की त्यांना देवनागरी येत नाही, पण फाइल उघडून जसं लिहिलंय तसंच दिसलं. लेबल 'बग' नाही लावलं, 'एन्हान्समेंट' लावलं. मी गप्प बसले. शिवाय 'हेल्प वाँटेड'.

मग त्यांनी विचारलं की शोधाचं इंजिन वेगळ्या प्रकल्पातून येतं, तिथे करायचं की इथे? आणि असा न दिसणारा जॉइनर मराठीत आणखी कुठे अर्थ बदलतो का? मला 'क्ष' आणि 'क्‍ष' सुचलं, पण तिथे नुसता आकार बदलतो, अर्थ नाही. इतर कोणाला आठवतंय का? आणि इथे कोणाला रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते का? प्रोग्रॅम तिच्यात लिहिलाय म्हणे. भाचा म्हणतो त्याला फक्त एक्सेल येतं.