जपानने माफी मागितली, पैसेही दिले. मग कोरिया-चीनशी भांडण मिटलं का नाही?

रानवाटा
महायुद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, तरी जपान, दक्षिण कोरिया आणि चीन यांच्यात दर दोन-चार वर्षांनी जुनं काहीतरी उकरून निघतंच. जपान म्हणतो १९६५ मध्ये कोरियाशी हिशेब चुकता झाला. मग २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी पोलाद कंपनीला भरपाई द्यायला कशी लावली? चीनने भरपाई सोडून दिली होती, हे खरं का? आणि दोघेही जपानने पोळलेले, तर कोरिया-चीनचं आपसात का पटत नाही? राष्ट्राभिमान वगैरे माहीत आहे. कुठल्या कागदात काय लिहिलंय ते कुणी सांगेल का?

शब्दवेध
कोरियापुरतं सांगतो. २२ जून १९६५ ला एक नाही, बरेच कागद सही झाले. त्यातले दोन समोर ठेवा, आणि एकात एक मिसळू नका. बहुतेक लेख इथेच घोळ घालतात.

पहिला मूलभूत संबंधांचा करार. त्याचं कलम २ म्हणतं, २२ ऑगस्ट १९१० (जपानने कोरिया आपल्याला जोडून घेतला त्या कराराची तारीख) किंवा त्याआधी जपान आणि कोरिया या दोन साम्राज्यांत झालेले सगळे करार 'आधीच रद्दबातल' आहेत. मेख त्या 'आधीच'मध्ये आहे. आधीच म्हणजे कधीपासून? कोरिया म्हणतो पहिल्या दिवसापासून, म्हणजे जपानची पस्तीस वर्षांची राजवटच बेकायदा. जपान म्हणतो तेव्हा ते वैध होते, १९४८ मध्ये कोरियाचं प्रजासत्ताक झालं तेव्हा संपले. कोरियन मसुद्यात शब्द आहे 'इमी', जपानी मसुद्यात 'मोहाया'. मोहायाला 'आता उरलेले नाहीत' अशी छटा आहे, म्हणजे एके काळी होते हे गृहीत. वाद झाला तर इंग्रजी मसुदा प्रमाण, असंही ठरलं. पण तिथेही नुसतं 'आधीच'च! १९५१ पासून रखडलेली बोलणी या एका मोघम शब्दावर मार्गी लागली. दोन्ही सरकारांनी घरी जाऊन आपापल्या संसदेला आपापला अर्थ सांगितला.

दुसरा कागद मालमत्ता, दावे आणि आर्थिक सहकार्याचा. कलम १ प्रमाणे ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर कर्ज, दहा वर्षांत. रोख नव्हे; जपानी माल आणि जपानी लोकांच्या सेवा या रूपात. कलम २ म्हणतं, दावे 'पूर्णपणे आणि अंतिमतः' मिटले. हे पैसे कशाबद्दल, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. कोरियाचं सरकार त्याला दाव्यांचा पैसा म्हणालं, जपानचं सरकार आर्थिक सहकार्य.

आता ३० ऑक्टोबर २०१८ चा निकाल. न्यायालय म्हणालं, युद्धकाळात जपानी पोलाद कंपनीत राबवलेले हे कोरियन मजूर थकलेली मजुरी मागत नाहीत. बेकायदा राजवटीशी जोडलेल्या सक्तीच्या श्रमांबद्दल ते मनस्तापाची भरपाई मागतात, आणि तसला दावा १९६५ च्या करारात आलाच नव्हता. चौघांना प्रत्येकी १० कोटी वॉन. म्हणजे दुसऱ्या कागदाचा अर्थ लावला तो पहिल्या कागदातल्या 'आधीच'च्या जोरावर. जपानने दुसऱ्या कागदाच्या कलम ३ खाली लवाद मागितला, कोरियाने तो मानला नाही. जुलै २०१९ मध्ये जपानने चिप उद्योगाला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि कोरियात जपानी मालावर बहिष्कार सुरू झाला. निर्बंधांचा निकालाशी संबंध नाही, असं जपान म्हणत राहिला. यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही.

पैसा गेला कुठे, हेही विचारायला हवं. मोठा भाग पोहांगचा पोलाद कारखाना, धरण, महामार्ग यांत गेला. मृत मजुरांच्या वारसांना १९७० च्या दशकात ३ लाख वॉन मिळाले. जिवंत परतलेल्यांना त्या वेळी काही नाही. म्हणून मार्च २०२३ मध्ये कोरियाने आपल्याच प्रतिष्ठानातून भरपाई द्यायचं ठरवलं, तेव्हा ४ अब्ज वॉन आले ते त्याच पोहांगच्या कंपनीकडून.

भोजपत्र
चीनबद्दल: होय, सोडून दिली. २९ सप्टेंबर १९७२ च्या जपान-चीन संयुक्त निवेदनाचं कलम ५ बघा. पण त्याआधी जपानशी शांतता तह झाला ती १९५१ ची सॅन फ्रान्सिस्को परिषद बघा. खरं चीन सरकार बीजिंगचं कम्युनिस्ट की तैपेईचं (तैवान), यावर ब्रिटन-अमेरिकेचं जमेना, म्हणून एकाही चीनला बोलावलं नाही. कोरियालाही नाही. ज्यांचं सर्वाधिक नुकसान झालं तेच पंक्तीबाहेर.

१९७२ चा शब्दांचा किस्सा तर नमुनेदार आहे. बीजिंगच्या मेजवानीत जपानचे पंतप्रधान तानाका म्हणाले की आम्ही मोठा 'मेइवाकु' (त्रास) दिला. चिनी भाषांतर झालं 'माफान', म्हणजे किरकोळ तसदी. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय दुसऱ्या दिवशी कडाडले की चुकून एखाद्या बाईच्या झग्यावर पाणी उडालं तर हा शब्द वापरतात. अंतिम निवेदनात मग 'जबाबदारीची तीव्र जाणीव' आणि 'आत्मपरीक्षण' आलं.

१९७९ पासून जपानने चीनला सुमारे ३.६ लाख कोटी येन विकासमदत दिली. तिला भरपाई म्हणायचं नाही, हे दोघांच्या सोयीचं होतं. त्यामुळे जपानी माणसाला वाटतं आपण भरपूर दिलं, आणि चिनी माणसाला वाटतं काहीच मिळालं नाही.

कातळशिल्प
शब्दवेध यांच्या प्रतिसादाला एक जोड. २८ एप्रिल १९५२ ला सॅन फ्रान्सिस्को तह लागू झाला आणि जपानमधल्या कोरियन लोकांचं जपानी नागरिकत्व त्याच दिवशी गेलं. दोनच दिवसांनी, ३० एप्रिलला, युद्धातले जखमी आणि मृतांचे वारस यांच्यासाठी मदतीचा कायदा झाला. त्यात अट नागरिकत्वाची. म्हणजे जपानी सैन्यात हात-पाय गमावलेला कोरियन बाद. उलट युद्धगुन्ह्यांत शिक्षा झालेल्या १४८ कोरियनांपैकी जे टोकियोतल्या सुगामोच्या तुरुंगात होते, त्यांना सोडलं नाही. गुन्हा केला तेव्हा तुम्ही जपानी होतात, हे कारण. आणि मेलेले सुमारे २१ हजार कोरियन टोकियोच्या यासुकुनी या युद्धमृतांच्या मंदिरात जपानचे वीर म्हणून पुजले जातात, घरच्यांना न विचारता. शिक्षेला जपानी, पूजेला जपानी, पेन्शनला मात्र परके.

रानवाटा
हे माहीतच नव्हतं. मग चिनी मजुरांनाही जपानी कंपन्यांनी झुलवलंच असेल ना?

भोजपत्र
नाही, इथे फरक आहे. २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की १९७२ च्या निवेदनामुळे चिनी मजुरांना कोर्टातून वसुली करता येणार नाही, पण कंपनीने आपणहून काही करावं. त्यावर निशिमात्सु कंपनीने २००९ मध्ये ३६० मजुरांसाठी २५ कोटी येन दिले. २०१६ मध्ये मित्सुबिशी मटेरियल्सने माफी मागून प्रत्येकी १ लाख युआन द्यायचं मान्य केलं. कोरियनांशी असा व्यापक समझोता नाही, कारण जपानच्या हिशेबी चिनी मजूर शत्रूदेशातून धरून आणलेले, आणि कोरियन तेव्हाचे आपलेच प्रजाजन, कायद्याने कामाला लावलेले. फिरून गाडी त्या 'आधीच'वर येते.

सांजवेळ
कोरिया-चीनचं थोडक्यात. कोरियन युद्धात, ऑक्टोबर १९५० मध्ये, चिनी सैन्य उत्तरेच्या बाजूने उतरून दक्षिण कोरियाविरुद्ध लढलं. राजनैतिक संबंध जुळले ते थेट १९९२ मध्ये. नंतर चीनच्या सरकारी इतिहास प्रकल्पाने २००२ पासून प्राचीन कोगुर्यो राज्याला चीनचं प्रादेशिक राज्य ठरवायला घेतलं. कोरियाच्या दृष्टीने तो आपल्या वंशावळीवरच घाला. २०१७ मध्ये अमेरिकन क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेसाठी लोत्ते या कोरियन कंपनीने जागा दिली आणि चीनमधली तिची बहुतेक दुकानं अग्निसुरक्षेच्या नावाखाली बंद झाली. जपान समोर असला की दोघे एका सुरात बोलतात, पण ते तेवढ्यापुरतंच.

आणि 'जपानने माफीच मागितली नाही' हे नेहमीचं वाक्य चूक आहे. १९९३ चं जपानी मंत्री कोनो यांचं निवेदन, १९९५ चं पंतप्रधान मुरायामा यांचं निवेदन, १९९८ चा जपानचे पंतप्रधान ओबुची आणि कोरियाचे अध्यक्ष किम यांचा जाहीरनामा: तिन्ही वाचा. अडचण माफीनंतरची. १९७८ मध्ये यासुकुनीत अ वर्गाचे (म्हणजे युद्ध पुकारल्याचा ठपका असलेले) १४ युद्धगुन्हेगार गुपचूप समाविष्ट झाले. तिथे पंतप्रधान गेले की आधीच्या माफीचं मोल उतरतं. कोइझुमी २००१ ते २००६ दरवर्षी गेले, आबे डिसेंबर २०१३ मध्ये.

वाचताना एक खूण ध्यानात ठेवा. जपान-कोरिया वादातल्या बेटांना ताकेशिमा (जपानी नाव) म्हटलंय की दोक्दो (कोरियन), जपान-चीन वादातल्यांना सेनकाकू (जपानी) की दिआओयू (चिनी), आणि जपान-कोरियामधल्या समुद्राला जपान समुद्र की पूर्व समुद्र (कोरियन), यावरून लिहिणारा कुठल्या काठावर बसलाय ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.