फोल्ड होणारी ट्रायमरान घ्यावी काय? सल्ला द्या

खानापूर_रोडवाला: नमस्कार मंडळी. शिडाची बोट घ्यायचं डोक्यात आहे, तीन सांगाड्यांची, बाजूचे दोन घडी होतात ती. घरी अंगणात ठेवायची, रविवारी ट्रेलरवर घालून हिडकल धरण, सुट्टीला चोर्ला घाट उतरून गोवा. कोण वापरलंय काय? जुनी सत्तावीस फुटी एफ-२७ बघाय लागलोय.

उलांडी: मी गोव्यात अशा एका बोटीवर दोन सीझन काम केलंय म्हणून सांगतो. आपल्या कोकणातल्या होडीला एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा तरंगता ओंडका असतो की नाही, तसंच हे, फक्त दोन्हीकडं. ही घडीची पद्धत न्यूझीलंडच्या इयान फॅरियरनं काढली, एफ-२७ त्याचीच. उघडली की १९ फूट रुंद, मिटली की साधारण साडेआठ. उलांडी मधल्या सांगाड्याला जोडणाऱ्या एकेका तुळईचा बोल्ट सोडायचा, मग तुळईचं आतलं टोक वर उठतं आणि उलांडी खाली-आत येऊन मधल्या सांगाड्याला चिकटते, पाण्यात असताना पाणीच मदत करतं, त्यामुळं मिनिटाभराचं काम. पण लोक हे मिनिट बघून भुलतात गा! खरा वेळ खातंय ते डोलकाठी उभी करणं, तारा ओढणं, जाळी ताणणं. पहिल्या दिवशी आम्हाला अख्खी सकाळ गेली, वर एक पिन वाळूत पडली ती सापडलीच नाही. आणि मिटून पाण्यात आठवडाभर ठेवली की उलांडीची कूस पाण्यात बुडून राहते, शेवाळ धरतं, घासून घासून खांदे जातात. डेन्मार्कच्या ड्रॅगनफ्लाय बोटीत उलांड्या मागं फिरतात, कूस वर राहते, पण मिटल्यावर लांबी वाढते.

उद्यमबाग_फॅब्रिकेटर: ट्रेलर करून देणारे आमच्याकडं ढीग आहेत, पण ब्रेक असलेलाच करून घे. बोट रिकामीच टनाच्या वर, चोर्लाच्या वळणावर मागनं ढकलाय लागली की कळंल. आणि काठी उभी करायच्या आधी वर वीजतार बघ, ॲल्युमिनियमची असते ती.

उलांडी: बरोबर. अजून एक, हिला खाली शिशाचं वजन नसतं, म्हणून हलकी आणि उथळ पाण्यात चालते, पाण्यात खाली सोडायची मधली फळी वर घेतली की गुडघाभर पाण्यात सुद्धा. पण पलटली तर आपणहून सरळ होत नाही. नुसतं हिडकलच करणार असशील तर एवढं लफडं कशाला, साधी छोटी डिंगी घे की. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, चिखलातनं ट्रेलर बाहेर काढाय ट्रॅक्टर बोलवावा लागंल. समुद्र ठरलेला असेल तरच ही.

खानापूर_रोडवाला: समुद्र ठरलाय. आत्ताच टेप घेऊन गेट मोजलं, ७ फूट १० इंच 😄 खांब फोडायचा म्हटलं तर आई म्हणते, आधी बोट तर दाव.