अकरा वर्षं गप्प, मग लागोपाठ दोन अल्बम : द हाइव्ह्ज खरंच परतलेत, की जुनाच माल?

उपवनकर (ठाणे)
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : द हाइव्ह्ज हा स्वीडनमधल्या फागेर्स्ता या लहानशा कारखानदारीच्या गावातला गॅरेज रॉक (घरच्या गॅरेजात सराव करणाऱ्या पोरांचं कच्चं, धसमुसळं रॉक) बँड. १९९३पासूनचा. २०१२च्या अल्बमनंतर यांचा नवा अल्बमच आला नाही. मग ऑगस्ट २०२३मध्ये 'द डेथ ऑफ रँडी फिट्झसिमन्स' आला, तोही स्वतःच्या रेकॉर्ड लेबलवर, आणि ऑगस्ट २०२५मध्ये 'द हाइव्ह्ज फॉरेव्हर फॉरेव्हर द हाइव्ह्ज'. २०२३च्या अल्बमातली बारा गाणी साधारण अर्ध्या तासात आटोपतात. घोडबंदर रोडला अडकलेला माणूस घरी पोचेपर्यंत अख्खा अल्बम ऐकून परत पहिल्या गाण्यावर आलेला असतो.

माझं म्हणणं : पंचवीस वर्षांत हे लोक बदलले नाहीत, आणि हेच त्यांचं कर्तृत्व. तेच काळेपांढरे सूट, तीच घाई, गायक पेले आल्मक्विस्टचं स्टेजवरून स्वतःचीच आरती ओवाळणं. बाकीचे बँड वय झालं की हळवे होतात, तंतुवाद्यांचा ताफा आणतात. यांनी ते पाप केलं नाही. बोला.

ऐरोली_लोकल
न बदलणं हे कर्तृत्व असेल तर आमच्या सोसायटीच्या लिफ्टचाही सत्कार करा.

आणि बदलले नाहीत कसे? २००७च्या 'द ब्लॅक अँड व्हाइट अल्बम'मध्ये हिपहॉप-पॉपवाल्या फॅरेल विल्यम्सला निर्माता घेऊन दोन गाणी केलीच होती की. पुढे नाही झेपलं, परत आपल्या गल्लीत आले. ताज्या अल्बमच्या निर्मात्यांत बीस्टी बॉइज या हिपहॉप बँडचा माइक डी आहे. एवढी मुरलेली माणसं एकत्र येऊन मुद्दाम कच्चं वाजवतात, याला मी नाटक म्हणतो. साठच्या दशकात अमेरिकेत ज्या पोरांनी हे संगीत काढलं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. स्वस्तातली गिटार, बापाची गाडी बाहेर काढून आत मांडलेले ड्रम, आणि फारसं न शिकता केलेला दंगा. सत्तेचाळीस वर्षांच्या, जगभर फिरलेल्या गायकाने तोच भाव आणायचा म्हणजे मिशी काढून कॉलेजात बसण्यासारखं नाही का?

उपवनकर
२००७ची दोन गाणी काढून पंचवीस वर्षांचा निकाल लावू नका.

खारीगावची
ऐरोली, 'दुसरं काही नव्हतं' हे अर्धंच खरं आहे. तुम्ही अमेरिकेतल्या टकोमा गावच्या द सॉनिक्स या साठच्या दशकातल्या बँडपासून सुरुवात करा. १९६५च्या पहिल्या अल्बमला सगळ्या ड्रमवर मिळून एक माइक होता. ठीक, ती गरिबी म्हणू. पण १९६६च्या 'बूम'च्या वेळी ज्या स्टुडिओत गेले तो कंट्री संगीतवाल्यांचा होता, भिंतींना आवाज शोषून घेणारं आवरण होतं. या पोरांनी ते आवरण उपटून काढलं! आवाज भिंतींवर आपटून परत यायला हवा होता त्यांना. म्हणजे कच्चेपणा तेव्हाही निवडलेलाच होता.

बरं, हेच सॉनिक्स २०१५ साली 'धिस इज द सॉनिक्स' घेऊन आले. जुन्यातले तिघे, सत्तरीच्या आसपासचे. डेट्रॉइटचा निर्माता जिम डायमंड याने तो अल्बम मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं न करता सगळा आवाज एकत्र ठेवून, केला. आता २०१५ साली मोनो करायची सक्ती कोण करतंय? पण करून बघा काय होतं ते. स्टिरिओत गिटार डावीकडे, सॅक्सोफोन उजवीकडे, प्रत्येकाला आपापली खुर्ची. मोनोत सगळ्यांना एकाच जागेत उभं राहायचं असतं, मग जो जोरात तो ऐकू येतो. त्या ढकलाढकलीतून जो ताण येतो तो महागड्या यंत्राने येत नाही. म्हाताऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. याला नाटक म्हणाल?

हाइव्ह्जबद्दल माझी तक्रार निराळी आहे. २०२५च्या अल्बमात आवाज इतका ठासून भरलाय की श्वास घ्यायला फट नाही. सगळंच मोठं असेल तर ठोसा लागणार कुठे? २०२३चा त्या मानाने मोकळा आहे. त्यामुळे उपवनकरांनी दोन्ही अल्बम एका मापाने मोजू नयेत.

ऐरोली_लोकल
सॉनिक्सचं मान्य. ते गाजलेल्या काळात फार कमावून बसले नव्हते, म्हणून त्यांचं परतणं मला पटतं. हाइव्ह्जचं नाही पटत. शिवाय तो रँडी फिट्झसिमन्स! सगळी गाणी त्याच्या नावावर, आणि माणूस कोणी कधी पाहिलेला नाही. मग म्हणे तो मेला, कबर खणली तर आत गाण्यांच्या टेप आणि नवे सूट सापडले. अकरा वर्षांच्या आळसाला केवढी सजावट.

रबाळे_गाळा
तुम्ही स्वीडन आणि अमेरिकेवर भांडताय, इथलं कोणी बोलणार का? मी बास वाजवतो. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एका मित्राच्या वर्कशॉपचा गाळा आहे, मशिनं बंद झाली की आमचे ड्रम लागतात. घरी शक्यच नाही. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागाला ७५ आणि ७०. ड्रमसेटमधला नुसता स्नेअर ड्रम जोरात हाणला की खोलीत शंभरच्या पुढे जातो. वाशीत दुसऱ्या मजल्यावर वाजवून दाखवा, सेक्रेटरी चपला न घालता वर येतो. तोच सेक्रेटरी दहीहंडीला डीजेसमोर नाचतो, तो भाग वेगळा.

आणि मोठी मंडळी येतात तेव्हा नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर येतात. २०१९ला यू२, जानेवारी २०२५ला कोल्डप्ले तीन रात्री. त्याचं कौतुकच आहे. पण गॅरेज रॉक स्टेडियमचा नाहीच. त्याला दोनशे माणसं मावतील अशी घामट खोली लागते, जिथे गायकाची थुंकी पहिल्या रांगेवर उडते. ठाणे ते पनवेल अशी खोली दाखवा. म्हणून मी उपवनकरांच्या बाजूने. हाइव्ह्जना पन्नाशीच्या उंबरठ्यावर तोच दंगा करताना बघून आमच्यासारख्यांना वाटतं की नोकरी सांभाळून चालू ठेवायला हरकत नाही.

सानपाडा_पूर्व
उपवनकर, स्वतःचं लेबल म्हणजे स्वतंत्र बँड, असंच ना? २०२३चा स्वतःच्या लेबलवर होता, बरोबर. २०२५चा प्ले इट अगेन सॅम या लेबलकडे गेला, आणि ती कंपनी आता युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीच्या पंखाखाली आहे. मग स्वतंत्र कशाला म्हणायचं?

रबाळे_गाळा
रेकॉर्ड दुकानात पोचवायला कोणीतरी लागतंच हो. गाणी कोणी बदलायला लावली का, हे बघा. आमच्यासारख्यांचं गणित ऐका : २०२४पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याचे बारा महिन्यांत हजार प्ले होत नाहीत, त्याला रेकॉर्डिंगचा एक पैसा मिळत नाही. बँडकॅम्प ही गाणी विकायची साइट डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेते, बाकीचं बरंचसं आपलं, पण विकत घेणारा आणायचा कुठून? आमच्या गाण्यांना प्ले करणाऱ्यांत निम्मे नातेवाईक.

खारीगावची
पुन्हा सॉनिक्स. त्यांचे सुरुवातीचे अल्बम एटिकेट या लेबलवर आले, आणि ते लेबल टकोमाच्याच द वेलर्स बँडमधल्या लोकांचं होतं. आधी नाव झालेल्या बँडने गावातल्या धाकट्या बँडला रेकॉर्ड काढून दिली. आपल्याकडे पाच बँड पाच गाळ्यांत बसून एकमेकांच्या गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, जात नाहीत. युनिव्हर्सलला कशाला बोल लावता?

रबाळे_गाळा
हे लागलं. पण खरं आहे.

उपवनकर
ऐरोलीला एकच विचारतो. गडकरी रंगायतनला जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम हाऊसफुल्ल जातो. तिथे 'यंदा नवीन काय?' असं कोणी विचारतं का? तिथे तीच गाणी, तेच ठेके, तेच निवेदकाचे विनोद चालतात. आणि इथे एक बँड स्वतः नवी गाणी लिहून आणतो, तर म्हणे जुनाच माल.

ऐरोली_लोकल
काका, गडकरीतला गायक निदान 'मी परत आलो' अशी दवंडी पिटत नाही. तो दर महिन्याला असतोच. परत आलो म्हणायचं तर जाताना होतं त्यापेक्षा हातात काहीतरी जास्त हवं. २०२३च्या अल्बमात मला ते थोडं दिसलं, भूक होती. २०२५चा तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत ऐकला आणि ऐरोली स्टेशन आलं. नंतर परत लावावासा वाटला नाही.

खारीगावची
इयरफोनवर ऐकलात ना? घरी स्पीकरवर लावा आणि शेजारी यायच्या आत संपवा, दोन-अडीच मिनिटांचीच तर गाणी आहेत.

ऐरोली_लोकल
लावतो. मत बदलणार नाही, पण लावतो. रबाळेवाले, तुमच्या पुढच्या गिगची तारीख इथेच टाका. तिथेही नावं ठेवायला येईन.