राखीव, निर्दिष्ट की नेमलेले? मंडळीच्या पावतीपुस्तकातला एक शब्द

कोरी_पावती
सलाम मंडळी. आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, कारभार बघणाऱ्या पाळकीय समितीचे आर्थिक नियम इंग्रजीतून मराठीत आणायचं काम चालू आहे. ते झालं की त्यावरून नवं पावतीपुस्तक छापायचंय. गाडी 'रिस्ट्रिक्टेड फंड'पाशी अडली आहे. देणाऱ्याने देतानाच सांगितलेलं असतं: हे छपरासाठी, हे कबरस्तानाच्या भिंतीसाठी, हे गरीब निधीचं. मसुद्यात त्याला 'राखीव निधी' म्हटलंय. समितीतल्या दोघांना तो शब्द चालतो. तिसऱ्या बाईंचं म्हणणं, राखीव म्हणजे समितीने स्वतः बाजूला काढलेले पैसे, आणि समितीने काढलेले समितीच मोडू शकते. मग या दुसऱ्या पैशाला म्हणायचं काय? पावतीवर रकाना अंगठ्याएवढा आहे, लांबलचक शब्द बसणार नाही.

ताळेबंद
त्या बाईंना खजिनदार करा.

पैसे तीन प्रकारचे असतात. कायम निधी म्हणजे कॉर्पस, त्याचं व्याज वापरायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. देणाऱ्याने हेतू बांधून दिलेला दुसरा. समितीने चालू जमेतून वेगळा काढलेला तिसरा, आणि राखीव फक्त हाच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली (१९५०चा, पूर्वीचा मुंबई कायदा) दरवर्षी जो ताळेबंद देतो त्याच्या अनुसूची ८ मध्ये घसारा निधी, कर्जफेडीचा सिंकिंग फंड आणि राखीव निधी एकाखाली एक बसतात. तिथे छपराचं अर्पण 'राखीव' म्हणून चढवलंत की काय होतं ते बघा. समजा छपराचे ३,००,००० जमले आहेत. मार्चमध्ये पगाराला ४०,००० कमी पडतात. समिती रीतसर ठराव करते, 'राखीव निधीतून उचल'. ठराव मंजूर, सह्या झाल्या, कोणाच्या मनात पाप नाही. तरी तो विश्वासभंगच, कारण ते पैसे समितीचे नव्हतेच. हिशेबतपासनीस पुढच्या वर्षी बोट ठेवतो तेव्हा ठराव करणारे निम्मे लोक समितीवर नसतात.

शुद्धमती
'हेतुबद्ध अर्पण' लिहा. अर्थ नेमका, समास स्वच्छ. आणि हात घातलाच आहे तर 'फंड', 'वर्गणी', 'कलेक्शन' हे सगळे शब्द बाहेर काढा. वर्गणी गणपतीची असते. देवाला द्यायचं ते अर्पण.

नगरी_खाक्या
हेतुबद्ध लिहिलं की उपासनेत अर्पणाची थैली धरणारा विचारील, हे कुठल्या गावचं? खेड्यातल्या मंडळीत लोक 'नावाचं' म्हणतात. 'हे पाचशे छपराच्या नावाचे.' तेवढं पुरतं.

दोन_टोल्या
शुद्धमती, वर्गणी बाहेर काढायची तर बायबलातूनही काढावी लागेल. करिंथकरांस पहिले पत्र, १६वा अध्याय, पहिलंच वचन: पवित्र जनांसाठी वर्गणी. दुसऱ्या वचनात तर 'वर्गण्या होऊ नयेत' असं अनेकवचनसुद्धा आहे. गणपतीने शब्द आपल्याकडून उसना नेला असं म्हणत नाही, पण तो आपल्याही घरचा आहे.

शुद्धमती
भाषांतरकाराने तेव्हा हाताशी होता तो शब्द घेतला, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

नगरी_खाक्या
आणि आपण काय वेगळं करतोय?

दुसरं म्हणजे वर्गणी आणि अर्पण वहीत दोन वेगळ्या ओळी असतात. सभासद वर्गणी ठरलेली. पुष्कळ ठिकाणी ती थकली तर वार्षिक सभेत मत देता येत नाही. अर्पण थैलीत पडतं, त्याची थकबाकी नसते. दोन्हींना 'अर्पण' म्हटलंत तर मतदारयादी कशावरून करणार?

मुळाक्षर
अर्पण हा शब्द 'ऋ' धातूच्या प्रयोजकापासून, अर्पयति, म्हणजे जायला लावणे, हवाली करणे. हवाली केलं की देणाऱ्याचा हात सुटला. म्हणून 'हेतुबद्ध अर्पण' मला वदतोव्याघात वाटतो. बांधून ठेवलंय ते अर्पण कसलं? त्याला 'ठेव' म्हणा.

उलट बाजूने हिब्रूतला 'कोर्बान' बघा. मूळ अर्थ जवळ जाणे, जवळ आणणे. अरबी-उर्दूतली कुर्बानी त्याचीच बहीण. मार्काच्या ७व्या अध्यायात येशू ज्यांना झापतो ते हेच करत होते: आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून जाहीर करायचं आणि जबाबदारीतून मोकळं व्हायचं.

वसईचा_वारा
धातूवरून व्यवहार ठरत नाही. कॅथॉलिक चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेत कलम १२६७ मध्ये स्वच्छ आहे: ठरावीक हेतूने दिलेलं अर्पण त्याच हेतूला लावता येतं. तिथे कोणी त्याला ठेव म्हणत नाही, अर्पणच म्हणतात.

मिस्साचं (कॅथॉलिक उपासनाविधीचं) उदाहरण घ्या. एखाद्याने मयताच्या नावाने मिस्सा सांगून पैसे दिले की वहीत नोंद होते: तारीख, कोणासाठी, किती, मिस्सा कधी झाली. जितकी अर्पणं घेतली तितक्या वेगळ्या मिस्सा, मग रक्कम कितीही लहान असो. धर्मगुरूने दिवसात दोन मिस्सा केल्या तरी स्वतःला एकाचंच ठेवायचं (नाताळ सोडून), दुसरं बिशपांनी नेमलेल्या कामाला जातं. 'व्यापाराचा वाससुद्धा नको' हा नियमाचा रोख. आणि लोक याला सर्रास 'मिस्साची फी' म्हणतात! शब्दाने नियमाची वाट लावली ती अशी.

ताळेबंद
मुळाक्षर, 'ठेव' अजिबात नको. ठेव परत करावी लागते, ताळेबंदात ती देणं म्हणून दिसते. छपराचे पैसे परत करायचे नसतात, छपराला लावायचे असतात. छप्पर होऊन उरले तर काय, हे मात्र आधीच लिहून ठेवा. पावतीच्या तळाला एक ओळ पुरे: 'काम पूर्ण झाल्यावर शिल्लक इमारत दुरुस्तीस वापरली जाईल.' नाहीतर उरलेले ११,३०० रुपये कुठे न्यायचे यावर तीन सभा जातात.

पानगळ
विषय निघालाच आहे तर: मिळकतीचा दहावा हिस्सा मंडळीला देतात तो दशांश की दशमांश? आमच्याकडे तो टाकायच्या पाकिटावर एक आणि पावतीवर दुसरं छापलंय.

शुद्धमती
दशमांश. दशम म्हणजे दहावा, त्याचा अंश. दशांश गणितातला, टिंब देतो तो.

मुळाक्षर
असं काही नाही. पुरश्चरणात (मंत्रजपाच्या अनुष्ठानात) जपाच्या दशांश हवन, त्याच्या दशांश तर्पण असं सांगतात, तिथे दशांश म्हणजे दहावा हिस्साच. राजाचा सहावा हिस्सा संस्कृतात 'षड्भाग' होतोच की, दरवेळी 'षष्ठ' लागतं असं नाही. दोन्ही बरोबर. बायबलच्या वळणाचं हवं तर मलाखीत दशमांश आहे. बोलताना 'म' गिळला जातो, म्हणून दशांश टिकला.

अवांतर: सरदेशमुखीही दहा टक्केच होती, चौथाई पंचवीस. मराठी माणसाला दहावा हिस्सा काही मिशनऱ्यांनी शिकवला नाही.

नगरी_खाक्या
सरदेशमुखी वसूल व्हायची. दशांश वसूल करायला गेलात तर पुढच्या रविवारी बाक रिकामे.

शब्दापेक्षा भांडण दुसरीकडेच असतं: दहावा हिस्सा कशाचा? पगारदाराचं सोपं. कागदावर ४०,००० आणि हातात ३४,५०० पडत असतील तर ४,००० की ३,४५०, फरक साडेपाचशेचा. शेतकऱ्याचं घ्या. कांद्याची पट्टी १,२०,०००ची आली, त्यात बी, मजुरी, खत, गाडीभाडं मिळून ७०,००० आधीच गेलेले. पट्टीवर धरलं तर १२,०००, उरलेल्यावर धरलं तर ५,०००. त्यात पैसा वर्षातून दोनदा हातात येतो. त्याला बारा महिन्यांची बारा पाकिटं देऊन उपयोग काय? दहा कोरी परत येतात आणि अहवालात तो 'अनियमित' ठरतो. त्याला हंगामाची दोन पाकिटं द्या, खरीप आणि रब्बी.

दोन_टोल्या
आणि दशमांश एकाच जागी जायचा असंही नव्हतं. बायबलातल्या 'अनुवाद' पुस्तकात १४व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवून लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश), उपरा, अनाथ, विधवा यांना द्यायला सांगितलाय. लेव्यांनी मिळालेल्या दशमांशाचाही दशमांश पुढे द्यायचा, 'गणना' पुस्तकात १८व्या अध्यायात. मंडळीने वरच्या कचेरीला हिस्सा पाठवायचा तो याच धर्तीवर. त्याला मात्र सगळे 'असेसमेंट'च म्हणतात, शुद्धमतींनी लक्ष घालावं.

शुद्धमती
'आकारणी'. झालं.

कोरी_पावती
सगळ्यांचे आभार, पण माझा रकाना अजून रिकामाच आहे. सध्या 'निर्दिष्ट' आणि 'नेमलेले' शर्यतीत आहेत. शिवाय एक सभासद विचारतात, 'गुप्तदान' असा वेगळा रकाना ठेवावा का?

ताळेबंद
ठेवू नका. गुप्तदान हा भाविकाचा शब्द आहे, वहीचा नाही. थैलीत बिनानावाचं पडतं ते 'सुटे अर्पण', त्याची एकच एकत्रित नोंद करा.

यात एक खाच आहे, ती जपा. निव्वळ धार्मिक ट्रस्टला निनावी देणगीवर वेगळा कर नाही. पण ट्रस्ट धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही असेल, शाळा किंवा दवाखाना चालवत असेल, आणि पेटीवर 'शाळेसाठी' असं लिहिलं असेल, तर त्या पेटीतल्या निनावी पैशावर ३० टक्के कर लागू शकतो. सूट १ लाख किंवा एकूण देणग्यांचे ५ टक्के, जे जास्त असेल तेवढीच. म्हणजे चिठ्ठी चिकटवली की कर बदलला. शाळेसाठी गोळा करायचं तर नाव-पत्ता घेऊन पावती फाडा, पेटी फिरवू नका.

पावतीवर '८०जी' (देणगीदाराला आयकरात सवलत) छापायचा मोहही आवरा. एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या ट्रस्टला ती सवलत नसते. सरकारने अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या दुरुस्तीचा अपवाद आहे, पण तुमचं छप्पर त्या यादीत बहुधा नसावं.

दोन_टोल्या
पावती ही शेवटची पायरी. शब्द हरवतो तो त्याआधी, मोजणीत. उपासना संपल्यावर थैल्या दोघांनी मिळून उघडायच्या. नवरा-बायको किंवा बाप-लेक अशी जोडी नको. पाकिटं वेगळी, सुटे वेगळे. पाकिटावरचा आकडा आणि आतली रक्कम जुळली नाही तर आतली धरायची, पाकिटावर दोघांनी आद्याक्षरं करायची आणि पाकीट हिशेबतपासणी होईपर्यंत जपून ठेवायचं. मोजणीपत्रकात ५००, २००, १००, ५०, २०, १० आणि नाणी असे रकाने, खाली दोन सह्या, कार्बनची प्रत. रक्कम जशीच्या तशी बँकेत जायला हवी. वाद्य वाजवणाऱ्याचे ५०० किंवा चहाचे ३०० थैलीतूनच दिले की जमा ८०० ने खोटी होते आणि खर्च कुठेच दिसत नाही.

क्यूआर कोडने तर आणखी घोळ घातलाय. पैसे येतात, 'कशासाठी' येत नाही. देणाऱ्याने शेऱ्यात 'छप्पर' लिहिलं तरी बँकेच्या उताऱ्यात तो तुटून येतो किंवा येतच नाही. मग १,००० रुपये सर्वसाधारण खात्यात जातात आणि देणारा वर्षभर छपराकडे बघत बसतो. छपरासाठी वेगळं बचत खातं, त्याचा वेगळा कोड. आणि तो कोड खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा तर मुळीच नको. तसे कागद चिकटवलेले दिसतात म्हणून लिहिलं.

पानगळ
परदेशात स्थायिक झालेल्यांनी छपरासाठी पाठवलं तर याच खात्यात चालतं ना?

ताळेबंद
पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं असेल तर चालतं. पासपोर्ट विदेशी असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या विदेशी नागरिकाचं) असलं तरी, ते विदेशी अंशदान. त्याला एफसीआरए (विदेशी अंशदान कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. सुट्टीवर आलेल्या अशा पाहुण्याने थैलीत रुपयांची नोट टाकली तरी नियम तोच. नोटेवरून ठरत नाही, माणसावरून ठरतं.

मुळाक्षर
'अंशदान' हा सरकारी शब्द बघा, यात दशांशातलाच अंश...

नगरी_खाक्या
मुळाक्षरभाऊ, ते राहू द्या. कोरी_पावती, रकान्याला नाव देऊच नका. 'कशासाठी' असं छापा आणि पुढे रेघ सोडा. रेघ रिकामी राहिली तर सर्वसाधारण.

ताळेबंद
+१. पावतीमागच्या, तुम्ही मराठीत आणताय त्या नियमावलीत 'निर्दिष्ट निधी' लिहा, पावतीवर 'कशासाठी'.

वसईचा_वारा
रेघ रिकामी राहिली तर घेणारा नंतर भरतो, आपल्या आवडीचं. तिथे 'सर्वसाधारण' आधीच छापलेलं हवं, दुसरं काही असेल तर ते खोडून लिहायचं.

शुद्धमती
खोडलेली पावती हा भाषेचा नाही, पुराव्याचा प्रश्न आहे. आणि 'कशासाठी' हा रकाना नव्हे, प्रश्न आहे.

पानगळ
हार्वेस्टच्या (चर्चमधल्या सुगीच्या सणाच्या) लिलावाचं काय करता? अर्पण केलेलं लिंबू ५,०००ला जातं. ती विक्री की अर्पण? पावती लिंबू आणणाऱ्याला की घेणाऱ्याला?

नगरी_खाक्या
घेणाऱ्याला. आणणाऱ्याची वस्तू वहीत, रक्कम नाही. घोळ उधारीत होतो. बोली जोशात लागते, पैसे 'पुढच्या रविवारी'. बोललेली रक्कम त्याच दिवशी जमा धरू नका. वस्तू, नाव, बोली, सही अशी चिठ्ठी करा, पैसे येतील तेव्हा जमा. लगेच पूर्ण जमा दाखवली की अहवालात ८०,००० आणि बँकेत ५२,०००.

शुद्धमती
उपासनेच्या आवारात 'लिलाव' हा शब्दच नको. 'बोली-अर्पण' म्हणावं, शुद्ध मराठी.

मुळाक्षर
लिलाव पोर्तुगीज 'लेलांव'वरून आलाय. त्याच गाडीतून पगार आणि पाद्रीही उतरले. तेही काढायचे का?

शुद्धमती
पगार राहू द्या.

पानगळ
आणि कोंबडी जिवंत असेल आणि घेणाऱ्याने ती तिथेच परत अर्पण केली, दुसऱ्यांदा बोली लागली, तर चिठ्ठ्या दोन की एक?

नगरी_खाक्या
दोन. कोंबडी एकच असली तरी बोली दोन झाल्या, पैसेही दोघांकडून येणार.